सम्हाचे गुडघे

वाळूच्या तिसऱ्या टेकडीवरून गाडी आडवी घसरली तेव्हा मागच्या सीटवरचा माणूस पिशवीत ओकला. त्याची बायको हसत हसत त्याचा व्हिडिओ काढत राहिली. मैथाने शेला नाकावर ओढला. वास तरीही आत आलाच.

आणखी एकदा, अशी मागून फर्माईश झाली. ड्रायव्हर जरवलीने आरशात पाहिलं आणि गाडी पुन्हा वर चढवली. अठरा वर्षं तो मैथाच्या वडिलांच्या उंटांना चारा पोचवत असे. वाळूवरून गाडी अशी घसरवायला तो अलीकडेच शिकला होता.

"सांगितलं असतंत तर घरून घेऊन आलो असतो, बीबी," तो हळू आवाजात म्हणाला. "आपल्याच छावणीवर तिकीट काढून कोण येतं?"

"घरी तो भेटतो कुठे?"

पर्यटकांसाठीची ती छावणी तिच्या धाकट्या भावाची, सुहैलची. बाबांना जाऊन चाळीस दिवस झाले होते आणि निम्मे दिवस तरी सुहैल तिचा फोन उचलत नव्हता. तिला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. बाबांची सांडणी, सम्हा. ही माझ्याशिवाय कुणासाठी बसत नाही, असं बाबा सगळ्यांना सांगत. ते मानेवर हात ठेवत आणि सम्हा गुडघे दुमडी. दुसऱ्या कुणी काठी उगारली तरी ती उभीच राही. बाबा गेले त्याच आठवड्यात सुहैलने तिला छावणीत आणून बांधलं होतं.

छावणीच्या दारातच ती दिसली. रांगेत सातवी. गळ्यात प्लास्टिकची फुलं, डोळ्यांवर कुणीतरी अडकवलेला गुलाबी चष्मा. पुढच्या गुडघ्यांवरचे घट्टे सोलून लालभडक झाले होते आणि त्यांवर माशा बसल्या होत्या. दोन जाड माणसं तिच्या पाठीवरून उतरली, दोन चढली.

मैथा तिकडे वळणार तोच एका बाईने तिचा हात धरला. मेंदी कुठे काढून मिळते, असं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता तिच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. वेश फार खरा वाटतो म्हणाली.

सुहैल मधल्या तंबूत गालिच्यावर बसला होता. बाबांच्या बैठकीतला गालिचा. त्यावर कुणाच्या तरी ताटातलं चटणीचा ओघळ पडला होता. शेजारी सळयांवर मांस करपत होतं, नूडल्सच्या पातेल्यापुढे रांग होती, आणि स्टेजवर एक दमलेली मुलगी ढोलाच्या तालावर पोट हलवत होती. बहिणीला पाहून सुहैल उठला, तिच्या कपाळावर ओठ टेकले, बस म्हणाला. कॉफी मागवली.

भाड्याचा झगा घातलेला कॉफीवाला आला. त्याने तळ झाकेल इतकीच कॉफी बिनकानाच्या पेल्यात ओतली. मैथाने पेला घेतला आणि न पिता समोर ठेवला.

बाबांच्या बैठकीत असा पेला खाली ठेवला गेला की सगळे बोलायचे थांबत. पाहुणा काही मागायला आलाय, हे लहान मुलांनाही कळे. मग बाबा म्हणत, प्या, तुमचं काम झालं. काम काय ते नंतर ऐकत. पेला न पिता पाहुणा उठला तर ती यजमानाची नाचक्की, आणि ती गोष्ट चार वस्त्यांत पोचे.

सुहैलने पेल्याकडे पाहिलं. मग स्टेजकडे.

"पी की. निवेल."

त्याने कॉफीवाल्याला खूण केली. त्या माणसाने पेल्यातली कॉफी वाळूत ओतून गरम भरली. मैथाने तो पेलाही तसाच समोर ठेवला.

"हे बघ, माझ्या बापाची लेक," सुहैल हसत म्हणाला, "लोक जेवतायत इथे. बाबांच्या बैठकीतली नाटकं इथे नकोत. आधी पी, मग बघू."

"आधी पी म्हणालास? बाबा आधी काम झालं म्हणत."

त्याने मान फिरवली. तंबूत शंभरेक माणसं होती आणि त्या पेल्याचा अर्थ जाणणारी दोनच.

मघाची मेंदीचं विचारणारी बाई ताट घेऊन आली आणि दोघांच्या मध्ये टेकली. हे कुणाचं आहे, चाखून पाहू का, असं विचारून तिने पेला उचलला, एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि सगळं ताटातल्या उष्ट्या भातात थुंकली. उरलेलं तिने वाळूत ओतलं. सुहैल मोठ्याने हसला. पहिल्यांदा सगळ्यांनाच कडू लागते, मॅडम, म्हणत त्याने तिला रुमाल दिला. मग पेला उचलून बहिणीला दाखवला.

"झाला बघ रिकामा. आता काय खाणार सांग."

मैथा उठली. कुणी थांबवलं नाही.

बाहेर सूर्य टेकला होता. रांगेतले बाकीचे उंट रवंथ करत होते. सम्हा उभी होती, मान खाली. जरवली चाकांत हवा भरता भरता थांबून पाहू लागला. मैथा रिकाम्या हातांनी तिच्यासमोर गेली. तिने मानेला हात लावला नाही, तोंडातून आवाज काढला नाही. नुसती उभी राहिली.

सम्हाने तिच्याकडे पाहिलंही नाही. समोर कुणीतरी उभं आहे एवढ्यावरच सोललेले गुडघे दुमडून ती खाली बसली.