दोन मेगाबिट

फायबरच्या जोडण्या करण्यात नानांची हयात गेली आणि त्यांच्याच पोराचा व्हिडिओ कॉल दर रविवारी दोन मिनिटांत तुटायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! "आज सोक्षमोक्षच लावतो," असं बायकोला बजावून या रविवारी नाना सुट्टी असूनही कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये जाऊन बसले. पोराच्या शहरातलं नेटही त्यांच्याच कंपनीचं होतं. त्याची लाईन समोरच्या स्क्रीनवर उघडून नानांनी तिथूनच त्याला कॉल लावला.

"नाना, इथे नेटची नुसती बोंब आहे. तुमचं काहीच ऐकू येत नाहीये. ठेवतो हं!"

स्क्रीनवर लाईन ठणठणीत होती. पूर्ण एक गिगाबिट, कुठे एक बिटही गळत नव्हता. नानांनी सवयीने तोंडी गणित केलं. एक गिगाबिट म्हणजे हजार मेगाबिट, आणि व्हिडिओ कॉलला लागतात फार तर दोन. म्हणजे या लाईनवर पाचशे बाप एका वेळी आरामात मावले असते.

घरी आल्यावर चपला काढता काढता ते बायकोला म्हणाले, "त्याच्या लाईनमध्ये काहीच बिघाड नाहीये गं."

कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायकोने मानही वर केली नाही.

"मला ठाऊक आहे. पण तुम्हाला कळलंय, हे त्याला कळू देऊ नका. नाहीतर ती दोन मिनिटंही जातील."