चिमटा

कर्णिकबाईंनी पहिला पेढा संपवून दुसऱ्याला हात घातला.

"मॅडम, या पावडरीच्या वडीला चुंबक ढुंकूनही विचारत नाही. चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रात ठेवली तर तीच चुंबक निघाली! पेपर आजच पाठवतेय." मृण्मयीनं आपल्या निवृत्त बाईंना मुद्दाम प्रयोगशाळेत बोलावलं होतं.

यंत्रानं काढलेला आलेख सुरेख होता. बाईंनी दुसराही पेढा चवीनं संपवला. "वडी यंत्रात ठेवलीस कशानं गं?"

"चिमट्यानं."

"स्टीलच्या?"

मृण्मयीचा चेहरा उतरला. चिमट्याचा डोळ्यांना न दिसणारा लोखंडी कण वडीला चिकटला होता. चुंबक तो होता, वडी नव्हे.

"मॅडम, हे आधी का नाही विचारलंत?"

"मग पेढे मिळाले असते?" बाईंनी पर्समधून पिवळा पडलेला प्लास्टिकचा चिमटा काढून तिच्या हातावर ठेवला. "अडतीस वर्षांपूर्वी माझ्या सरांनी मला हा दिला, तेव्हा आधी माझी पावशेर जिलबी संपवली होती."