अंघोळीचा नियम

पाचव्या वेळी लेझर सुरू करण्याआधी डॉक्टरीणबाईंनी विचारलंच, "अजून विचार बदलता येईल. पुसट आहे, पण वाचता येतंय."

निशिकांतने नकारार्थी मान हलवली आणि डोळ्यांवर काळा चष्मा चढवला.

उजव्या मनगटाच्या वर 'जय भीम' हे दोन शब्द होते. तो सोळा वर्षांचा असताना वडिलांनी, रावसाहेबांनी, दीक्षाभूमीबाहेरच्या गर्दीत ते आधी स्वतःच्या हातावर गोंदवून घेतले आणि मग त्याच्या. "आता जगात कुठेही जा. तू तोंड उघडायच्या आधी हात बोलेल," ते म्हणाले होते. सिंगापूरच्या कारखान्यात तो हात नऊ वर्षं फुल बाह्यांत गप्प बसला होता. निशिकांतला त्याची लाज नव्हती. कुणी अर्थ विचारला तर सुरुवात कुठून करायची, याचा कंटाळा मात्र होता.

२००७च्या मार्चमध्ये एक मशीन अडकलं. बाह्या कोपरापर्यंत सारून तो आत वाकला आणि वर पाहतो तर ओनोदेरासान, कारखान्याचे प्रमुख, त्याच्या हाताकडे टक लावून पाहत होते. कितीही उकडलं तरी मनगटाचं बटणसुद्धा न काढणारा शिस्तीचा माणूस. मग ते पुढच्या मशीनकडे वळले.

आठवड्याने त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. खुर्चीमागे एक फोटो होता: जपानमधल्या डोंगरउतारावरचं गोल्फचं मैदान, खाली दरी, लालभडक झालेली झाडं. तो क्लब सभासदच चालवत. गवत कधी कापायचं इथपासून पाहुणा म्हणून कोण येणार इथपर्यंत सगळं तेच ठरवत. नोव्हेंबरात निशिकांतने आपल्याबरोबर तिथे यावं, असं ओनोदेरासान म्हणाले. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या जागी कोण, हे तिथून परतल्यावर जाहीर करणार होते. मग त्यांनी क्लबच्या नियमांचा कागद दिला. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती: अंगावर गोंदण असणाऱ्यांना खेळानंतरच्या सामुदायिक स्नानाला मनाई.

एवढा स्पष्ट इशारा न कळायला निशिकांत काही दूधखुळा नव्हता.

"विचारून तर बघा," क्लेमेंटी भागातल्या फ्लॅटवर भावना म्हणाली. असल्या गोष्टी जपानी साहेबाला विचारायच्या नसतात, आपण समजून घ्यायच्या असतात, हे त्याने बायकोला समजावलं. "आणि बाबांना काय समजावणार?" तिने विचारलं. तो उठून कपडे वाळत घालायला गेला.

लेझर चर्र वाजत राहिला. फोडणीचं तेल उडावं तशी आग होत होती. महिन्याभरात शेवटची खपली पडली आणि हात कोरा झाला. त्या रविवारी नागपूरहून रावसाहेबांचा फोन आला, तेव्हा भावनाने निशिकांत बाथरूममध्ये असल्याचं सांगितलं. तो तिच्यासमोरच बसला होता. त्याला स्वतःची शरम वाटली.

नोव्हेंबरात चांगी विमानतळावर दोघं शेजारी बसले. ओनोदेरासान नेहमीपेक्षा खुशीत होते.

"तो कागद वाचलात ना? ती रेघ मी मुद्दाम मारली होती."

"वाचला, सर. मी काळजी घेतली आहे."

"काळजी कसली? खेळ संपला की सगळे आत गरम पाण्यात जाऊन बसतात. मी तीस वर्षं बाहेरच्या बाकावर एकटा बसतो. डोंगर तिथूनच चांगला दिसतो. कुणाबरोबर तरी तो पाहावा असं फार वाटायचं. त्या दिवशी मशीनपाशी मला माणूस मिळाला."

त्यांनी मनगटाचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत सारली. हातभर एक निळा-लाल मासा वर चढत गेला होता.

"माझे वडील गोंदणारे होते. हा त्यांच्या हातचा," ते म्हणाले. "आता तुमचा दाखवा. त्यावर काय लिहिलंय, हे आठ महिने विचारीन म्हणतोय."