उघडा सांधा

मुंबईच्या जादूच्या कड्या परवडेनात, म्हणून जादूचे प्रयोग करणाऱ्या शेखरने भद्रकालीतल्या पुंजाभाऊ वेल्डरला गाठलं. एका कडीला बारीक फट ठेवा म्हणताच पुंजाभाऊ उखडले, "उघडा सांधा माझ्या दुकानातून बाहेर जात नाय!" त्या फटीतूनच कड्या एकमेकींत अडकतात, हे गुपित शेवटी शेखरला त्यांच्या कानात सांगावं लागलं.

गणपतीत प्रयोग ऐन रंगात आला आणि लोक ओरडले, "कड्या तपासा! पुंजाभाऊंना वर पाठवा, त्यांच्या नजरेतून सांधा सुटत नाय!"

शेखरने नाइलाजाने कड्या त्यांच्या हाती दिल्या.

पुंजाभाऊंनी एकेका कडीवरून बोट फिरवलं. फटीवर अंगठा दाबून धरत ते मांडवाकडे वळले.

"कुठंच सांधा नाय. असलं काम तर मला बी जमायचं नाय."