न अडखळता

"वाच बाळ," म्हणत मुख्याध्यापिकाबाईंनी पाचवीचं मराठीचं पुस्तक केतकीपुढे सरकवलं. ओळींखालून बोट फिरवत तिने अख्खा धडा न अडखळता म्हटला. स्वल्पविरामालासुद्धा थांबली.

"किती छान वाचते! आणि हिची परीक्षा तोंडी घ्या म्हणताय? आजोबा, उगाच पोरीवर शिक्का कशाला?"

अक्षरं नाचतात म्हणून रडणाऱ्या नातीला आजोबा रोज संध्याकाळी धडे वाचून दाखवत. तिला एकदा ऐकलेलं पुरे व्हायचं.

"बाई, हे तिला पाठ आहे. दुसरं काहीतरी द्या."

बाईंनी टेबलावरचं वर्तमानपत्र पुढे केलं. केतकी पहिल्याच शब्दावर थांबली. तिचे कान लाल झाले. "आजोबा, तुम्ही आधी म्हणा ना," ती हळूच म्हणाली.

"आता लगेच येईनासं झालं?" बाई हसल्या. "मास्तर होतात ना तुम्ही? चांगलं पढवून आणलंत हो! सगळ्यांसारखी लेखी परीक्षा देऊ दे तिला."

बाहेर व्हरांड्यात केतकीने त्यांचा हात धरला. "बाई का रागावल्या? धडा तर मी बरोबर म्हटला ना?"

"अगदी बरोबर," आजोबा म्हणाले.

आज तिथेच चुकायला हवं होतं, हे आयुष्यभर मुलांना शिकवलेल्या त्या माणसाला तिला समजावून सांगता येईना.