बोरसे सरांचा कॉम्प्युटरी पेपर

समजा, परीक्षेची घंटा झाली आहे आणि तुमच्या हातात नुकताच गणिताचा पेपर पडला आहे. पहिला प्रश्न माझ्याबरोबर वाचा बरं. ‘जर ................ असेल, तर क्ष ची किंमत काढा.’ मी टिंबं दिली आहेत ती तुमच्या सोयीसाठी. पेपरात टिंबंही नव्हती, बोटभर कोरी जागा होती. दुसरा प्रश्न, कोरी जागा, ‘आणि’, पुन्हा कोरी जागा, ‘यांची बेरीज करा.’ तिसरा, ‘सिद्ध करा.’ पुढे नुसता पांढरा कागद.

आठवीतली मेहरुन हेच वाचत होती. साल एकोणीसशे शहाण्णव, गाव अमळनेर. कापूस पिंजून गाद्या भरणाऱ्या हनीफभाईंची ही मुलगी. धुळ्याला आठ दिवसांचं गणिताचं शिबिर होतं आणि शाळेतून एकालाच जायला मिळणार होतं. कोण जाणार, ते या पेपरावर ठरायचं होतं. मेहरुनने महिनाभर त्याचीच तयारी केली होती.

मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली.

“तुन्हा बी कोरा शे का रे?”

“बठ्ठासना तसाच शे!” म्हणजे सगळ्यांचाच तसा होता.

शेवटी त्या बाकावरचा झुलाल उभा राहिला. “सर, पेपरमां समीकरणंच नई शेतस.”

बोरसे सर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. “पेपर आधी दोनदा वाचावा, मग तोंड उघडावं. हा कॉम्प्युटरवर काढलेला पेपर आहे. कॉम्प्युटर चुकत नाही. चुकतात ती तुमच्यासारख्यांची टाळकी. बस खाली!”

सरांनी धुळ्याला जाऊन दहा दिवसांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. त्या दहा दिवसांची मिजास त्यांना दहा वर्षं पुरली असती. खडूला हात लावणं त्यांनी सोडून दिलं होतं. धुळ्याच्या नव्या कॉम्प्युटरवर त्यांनी स्वतः एकेक समीकरण रचलं, अपूर्णांक, वर्गमुळं, कंस, सगळं अगदी पुस्तकात असतं तसं. मग पेपर फ्लॉपीत घेतला. पण शाळेतला कॉम्प्युटर जुना. तो फाईल उघडेना. तेव्हा सरांनी ती त्याला चालेल अशा साध्या प्रकारात पुन्हा सेव्ह केली.

शाळेच्या कारकून लताबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं, “सर, अशानं अक्षरं राहतील, पण समीकरणं जातील. ती चित्रासारखी बसवलेली असतात. छापण्याआधी एकदा बघून घ्या.”

“लताबाई, तुम्ही हजेरीपट सांभाळा. गणित आम्ही सांभाळू,” सर म्हणाले होते. पेपर फुटू नये म्हणून बाईंना त्यांनी खोलीबाहेर काढलं, पडद्याकडे न बघता स्टेन्सिल छापलं, प्रती काढल्या आणि पाकिटांना लाख लावली. गुप्तता इतकी कडक, की पेपरात काय आहे हे खुद्द सरांनाही कळलं नाही.

आज शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष नानाही हा नवलाचा पेपर बघायला आले होते. हातातल्या प्रतीने वारा घेत ते म्हणाले, “काय सुटसुटीत छपाई आहे हो सर! कुठं गिचमिड नाही.”

सर प्रसन्न हसले.

मेहरुनने पेपर पुन्हा वाचला. सरांनी सांगितल्याप्रमाणे बरोबर दोनदा. मग ती लिहू लागली. दहाच मिनिटांत तिने पेन खाली ठेवलं.

ते सरांना खटकलं. ते बाकापाशी आले, उत्तरपत्रिका उचलली आणि नानांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ऐका रे, विद्वान बाईंची उत्तरं ऐका! पहिलं. ‘क्ष वर काहीच अट घातलेली नाही. म्हणून क्ष ही कोणतीही संख्या असू शकते.’ वा! तिसरं. ‘काहीच मांडलेले नाही. म्हणून सिद्ध करण्याचे काही नाही.’ आणि दुसरं तर ऐका, ‘बेरीज शून्य’!”

वर्ग खुसखुसला. सरांना चेव चढला.

“बेरीज शून्य? अगं, गाद्यांत कापूस भरतात, डोक्यात नाही! ज्यांची बेरीज करायची, ते आकडे कुठं आहेत इथं?”

“तेच लिहिलंय सर,” मेहरुन म्हणाली.

दारात उभ्या लताबाई जमिनीकडे बघू लागल्या. नानांचा वारा घेणारा हात थांबला. त्यांनी प्रत सुलट केली आणि पहिल्यांदाच वाचली. सरांनीही उत्तरपत्रिका खाली ठेवून मेहरुनच्या बाकावरचा पेपर उचलला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“छपाईत... म्हणजे मशीनला...” ते पुटपुटले.

“मघाशी म्हणालात ना, कॉम्प्युटर चुकत नाही?” नाना म्हणाले. “पेपर बरोबर, मग पोरीची उत्तरंही बरोबर. जे विचारलंय, त्याचं उत्तर एकटीनं दिलंय. धुळ्याला हिचंच नाव पाठवा. उठा रे पोरांनो, झाला पेपर.”

मुलं उठायला लागली. मेहरुनही उठली. पण ती दाराकडे गेली नाही. फळ्यापाशी जाऊन तिने खडू उचलला आणि अदबीने सरांच्या हातात दिला. मग जागेवर येऊन बसली, आपली तिन्ही उत्तरं रेघ मारून खोडली, कोरं पान उघडलं आणि फळ्याकडे बघू लागली.