न विझणारी पाटी

दार उघडंच होतं. झोपलेल्या लेकीला खांद्यावर सांभाळत ती आत आली. बाबा बाहेर जायच्या कपड्यांत खुर्चीवर बसले होते. तिला बघून ते गडबडून उठले, पण तिची नजर भिंतीवरच्या पाटीवर खिळली होती.

"बाबा, आज येऊ नका. तुमच्या आवाजाने ती उठते."

निरोप तिचाच होता. पण पंधरवड्यापूर्वीचा.

बाबांचे कान पार गेलेले. फोनच्या चकाकत्या पडद्याशी त्यांचं कधी जमलं नाही, म्हणून तिनेच ही कागदासारखी दिसणारी पाटी लावून दिली होती. ती फोनवर लिहायची, ते इथे उमटायचं. बाबा रोज बसने यायचे, नातीशी गप्पा मारायचे, त्या अशा सुरात की खालच्या मजल्यावरचे 'ओ' द्यायचे. एका सकाळी, जागरणाने वैतागून तिने तो निरोप धाडला. संध्याकाळी तिलाच वाईट वाटलं. "उद्या या हं." मग "रागावलात?" मग "एकदा तरी या." फोन दर वेळी 'पाठवलं' म्हणायचा. बाबा काही आले नाहीत. नवरा परगावी, बोलायला घराच्या भिंती. रुसलेत तर रुसू देत, असं म्हणत ती सारखी खिडकीशी जायची.

तिने एका हाताने पाटी उतरवली. मागचा सेल गळला होता. साधा पडदा असता तर काळा पडला असता, कुणालाही कळलं असतं. या पाटीत काळे-पांढरे बारीक कण असतात. वीज लागते ती त्यांना हलवून नवं अक्षर घडवायला. घडलेलं अक्षर विजेवाचून टिकतं. सेल मेला आणि कण जागच्या जागी बसून राहिले. बाबा रोज तेच वाचत राहिले.

तिला एकदम सुटल्यासारखं झालं. म्हणजे राग नव्हताच. नुसता सेल. तो काढून तिने बाबांसमोर धरला आणि हातानेच 'संपलाय' अशी खूण केली.

"माहितीय," बाबा म्हणाले. इतक्या हळू, की तिला पुढे वाकावं लागलं. "शेजारच्याने तेव्हाच खुणेने सांगितलं. नवा आणूनही दिलाय. तो काय, टेबलावर."

तिने भुवया उंचावल्या. मग?

बाबांनी नातीच्या पावलाकडे हात नेला. शिवायच्या आधीच थांबवला.

"यात निदान 'आज येऊ नका' असं आहे गं. सेल बदलला आणि नुसतंच 'येऊ नका' उमटलं, तर?"